‘फेरेइ’ आणि ‘एफेरे’: वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात मी हेरोडोटसचं एक वाक्य दिलं होतं. इसवी सनापूर्वी पाचव्या शतकातला हा ग्रीक इतिहासकार. त्याने लिहून ठेवलंय की, हिंदुस्थानात रानची झाडं फळ म्हणून लोकर देतात, ती मेंढीच्या लोकरीहून देखणी आणि सरस असते, आणि तिथली माणसं तिचेच कपडे घालतात. आपल्या पऱ्हाटीची, म्हणजे कापसाच्या झाडाची, नोंद इतकी जुनी आहे, एवढंच मला सांगायचं होतं. पण पत्रं आली ती कापसाबद्दल कमी आणि त्या वाक्यातल्या क्रियापदाबद्दल जास्त. मला फार आनंद झाला. आर्वीकडच्या एका गावात मी तीस वर्षं संस्कृत शिकवलं. ग्रीक मात्र निवृत्तीनंतर, सीताबर्डीच्या फुटपाथवर मिळालेल्या एका जुन्या व्याकरणावरून घरीच शिकले. त्यामुळे माझी उत्तरं संस्कृतच्या वाटेने जातात. शाळेत शिकलेल्या बहुतेकांना ती वाट ओळखीची आहे.

प्रश्न: बाई, त्या वाक्यातलं ‘फेरेइ’ म्हणजे ‘देतं, धरतं’ हा वर्तमानकाळ झाला. आमच्या पऱ्हाटीनं यंदा बोंडं धरली नाहीत, आधी भरपूर धरत होती. हेरोडोटसला ‘धरत होती’ म्हणायचं असतं, तर तो काय म्हणाला असता? — एक शेतकरी, दर्यापूर तालुका

भाऊ, तो ‘एफेरे’ म्हणाला असता. ‘फेरेइ’च्या पुढे एक ऱ्हस्व ‘ए’ लागला, शेवटचा ‘इ’ गेला, झाला भूतकाळ.

हा पुढे लागणारा ‘ए’ आपल्या घरचाच आहे. संस्कृतात ‘गच्छति’चं ‘अगच्छत्’ होतं आणि ‘वदति’चं ‘अवदत्’. त्या ‘अ’ला आपण अडागम म्हणतो. ग्रीकमधला ‘ए’ तोच. ग्रीकचा ‘फेर्’ हा धातूसुद्धा आपला ‘भृ’ आहे. संस्कृतातला ‘भ’ ग्रीकमध्ये ‘फ’ होऊन येतो, जसं ‘भ्राता’ तिकडे ‘फ्रातेर’. (हा ‘फ’ ‘फळ’मधला म्हणायचा, ‘फोन’मधला नव्हे.) तेव्हा ‘भरति’ म्हणजे ‘फेरेइ’, आणि ‘अभरत्’ म्हणजे ‘एफेरे’.

आता वहीच्या एका पानावर दोन्ही रूपं शेजारी शेजारी लिहा. संस्कृतात मी, तू, तो यांची रूपं अभरम्, अभरः, अभरत्. ग्रीकमध्ये एफेरॉन, एफेरेस, एफेरे. अनेकवचनात संस्कृत अभराम, अभरत, अभरन्. ग्रीक एफेरॉमेन, एफेरेते, एफेरॉन. मी हे पहिल्यांदा लिहून काढलं तेव्हा दुपारची चहाची वेळ टळून गेली तरी उठले नव्हते.

नीट पाहिलंत तर एक अडचण दिसेल. ‘मी’चं रूप एफेरॉन आणि ‘ते’चंही एफेरॉन. असं का झालं? ग्रीक शब्दाच्या शेवटी स्वर तरी असतो, नाहीतर न्, र्, स् यांपैकी एखादं व्यंजन. दुसरं व्यंजन तिथे टिकत नाही. म्हणून ‘अभरत्’मधला ‘त्’ गळाला आणि ‘एफेरे’ उरलं. ‘अभरम्’मधल्या ‘म्’चा ‘न्’ झाला. आणि ‘ते’च्या रूपात ‘न्’च्या पुढे मुळात एक ‘त्’ होता, तो संस्कृतातही गेला आणि ग्रीकमध्येही. दोन वेगळ्या वाटांनी आलेली रूपं एकाच दारात येऊन उभी राहिली. वाक्यात कोणतं आहे ते कर्त्यावरून आणि संदर्भावरून कळतं.

धातूच्या सुरुवातीलाच स्वर असेल तर ‘ए’ वेगळा दिसत नाही, तो स्वर लांब होतो. ‘आगेइ’ म्हणजे ‘हाकतो, नेतो’, त्याचं भूतकाळात ‘एगे’ होतं आणि त्यातला पहिला ‘ए’ दीर्घ असतो. आपल्याकडे ‘अज्’ म्हणजे हाकणं, त्याचं ‘अजति’चं ‘आजत्’ झालं. तीच रीत.

हेरोडोटसच्या त्या वाक्यात आणखी एक बारीक गोष्ट आहे. ‘झाडं’ अनेकवचनी असूनही हेरोडोटसने क्रियापद एकवचनी घेतलंय. ग्रीकमध्ये नपुंसकलिंगी अनेकवचनी कर्त्याला क्रियापद एकवचनीच लागतं. तेव्हा तुमच्या शेतातल्या साऱ्या झाडांसाठीही ‘एफेरे’च.

प्रश्न: मी बारावीत आहे, संस्कृत घेतलंय. आम्हाला भूतकाळ म्हणजे फक्त लङ् शिकवतात. लुङ् आणि लिट् यांची नावं तेवढी ऐकली. ग्रीकमध्येही असे तीन आहेत का, आणि असतील तर तीन कशाला लागतात? — एक विद्यार्थिनी, घाटंजी

बाळा, आहेत, आणि रूपाने तिन्ही आपल्या तिघांचे सख्खे भाऊ आहेत. वर सांगितलेलं ‘एफेरे’ म्हणजे लङ्. लुङ्ला ग्रीक व्याकरणात अओरिस्तॉस म्हणतात, इंग्रजी पुस्तकांत त्याचं अ‍ॅओरिस्ट झालंय. लिट् म्हणजे तिकडचा परफेक्ट, ज्यात धातूचं पहिलं अक्षर दुणावतं.

लुङ् ओळखायची सोपी खूण म्हणजे ‘स’. ‘ग्रफ्’ म्हणजे लिहिणं. ‘एग्रफे’ म्हणजे लिहीत होता, ‘एग्रप्से’ म्हणजे लिहिलं. फ् आणि स् एकत्र आले की ‘प्स’ होतो. संस्कृतात ‘दिश्’चं लुङ् ‘अदिक्षत्’ होतं, त्यातल्या ‘क्ष’मध्ये तोच ‘स’ लपलेला आहे. ग्रीकमध्ये त्याच धातूचं ‘एदेइक्से’, म्हणजे ‘दाखवलं’. काही धातूंना मात्र ‘स’ लागत नाही, प्रत्यय थेट धातूलाच लागतो. ‘अगात्’चं तिकडे ‘एबे’, ‘अस्थात्’चं ‘एस्ते’, ‘अभूत्’चं ‘एफु’. हे धातू रोजच्या वापरातले आहेत म्हणून ते पाठच करावे लागतात.

आता तीन कशाला, हा तुझा खरा प्रश्न. इथे संस्कृत आणि ग्रीक यांच्या वाटा वेगळ्या होतात, आणि मला सगळ्यात जास्त सांगायचंय ते इथेच. पाणिनीने भेद केला तो काळाच्या अंतराने. लङ् म्हणजे अनद्यतन, आज न घडलेलं. लिट् म्हणजे परोक्ष, बोलणाऱ्याच्या डोळ्यांआड घडलेलं. लुङ् म्हणजे सर्वसाधारण भूतकाळ. ग्रीक माणूस लङ् आणि लुङ् यांमधून निवड करताना कधी घडलं हे विचारत नाही. ती क्रिया आपण कुठून पाहतोय, हे तो ठरवतो. क्रिया चालू असताना तिच्या आत उभं राहून पाहिलं तर ‘एग्रफे’. बाहेरून, सबंध एक घडलेली गोष्ट म्हणून पाहिलं तर ‘एग्रप्से’. दोन्ही कालचीच असतील, एकाच माणसाची, एकाच पत्राची.

‘अओरिस्तॉस’ या नावाचा अर्थ ‘हद्द न आखलेला’. ‘हॉरॉस’ म्हणजे हद्द, आणि हद्दीचा दगडही. अथेन्सच्या बाजारचौकाच्या कडेला इसवी सनापूर्वी 500 च्या सुमाराचे असे दगड सापडलेत. त्यांवर कोरलंय, ‘हॉरॉस एइमि तेस आगॉरास’, म्हणजे ‘मी आगोराची हद्द आहे’. (‘एइमि’ म्हणजे आपलं ‘अस्मि’.) आपल्याकडे दोन वावरांमध्ये धुरा असतो ना, तसाच तो दगड. अओरिस्तॉस म्हणजे धुरा न टाकलेला भूतकाळ. किती वेळ चाललं, कितीदा झालं, मधे थांबलं का, यातलं काही तो आखून देत नाही. झालं, एवढंच म्हणतो.

म्हणून एकाच धातूचे अर्थ बदलतात. ‘एबसिलेउए’ म्हणजे तो राज्य करत होता. ‘एबसिलेउसे’ म्हणजे बहुतेक वेळा ‘तो राजा झाला’, गादीवर बसला. ‘एनॉसेइ’ म्हणजे आजारी होता, ‘एनॉसेसे’ म्हणजे आजारी पडला.

एक मोठं उदाहरण दिल्याशिवाय राहवत नाही. इसवी सनापूर्वी 430 मध्ये अथेन्सला साथ आली. इतिहासकार थुकिदिदेस स्वतः त्या साथीत आजारी पडून वाचला आणि त्याने ती लिहून ठेवली. माणसं एकमेकांची सेवा करता करता एकमेकांकडून रोग घेत होती आणि मेंढरांसारखी मरत होती, असं तो म्हणतो. तिथे त्याने ‘एथ्नेस्कॉन’ हे लङ् घेतलंय. लुङ् घेतलं असतं तर ‘मेली’ एवढंच कळलं असतं. ‘एथ्नेस्कॉन’ म्हटल्यावर आज एक, उद्या एक, असं ते मरणं वाचणाऱ्याच्या डोळ्यांपुढे चालूच राहतं. आपण सगळ्यांनी 2021 चा एप्रिल पाहिलाय. मला ते रूप तेव्हा खरं कळलं.

लिट् थोडक्यात सांगते. ‘ददर्श’ला ग्रीकमध्ये ‘देदॉर्के’. पण ग्रीक परफेक्ट आज उरलेली अवस्था सांगतो. ‘तेथ्नेके’ म्हणजे ‘मेला’ एवढंच नाही, तर ‘तो आता हयात नाही’. यात ‘थ’ दुणावताना पहिला ‘त’ झाला हे पाहिलंस का? आपल्या ‘धा’चं ‘दधौ’ आणि ‘भू’चं ‘बभूव’ होतं तसंच. लागोपाठ दोन महाप्राण आले की पहिल्याचा प्राण जातो. हा नियम हेर्मान ग्रासमान या जर्मन विद्वानाने 1863 मध्ये मांडला. आणि एक रूप असं आहे की जे दोन्ही भाषांत दुणावतच नाही. संस्कृत ‘वेद’, ग्रीक ‘ऑइदे’, दोन्हींचा अर्थ ‘तो जाणतो’. ज्याला पूर्वी दिसलं, तो आता जाणतो.

प्रश्न: मी पुण्यात नोकरीला आहे. ‘मी जेवून राहिलो’, ‘तो येऊन राहिला होता’ असं बोललो की ऑफिसात हसतात, अशुद्ध म्हणतात. तुम्ही भाषेच्या माणूस आहात म्हणून विचारतो, हे खरंच चूक आहे का? — एक वाचक, मूळचे मोर्शी तालुक्यातले

चूक नाही. आपल्या वऱ्हाडी-नागपुरी बोलीची ती नेहमीची रीत आहे, आणि ‘राहणे’ला जोडून चालू क्रिया दाखवणं तिच्या हाडात आहे. लेखी मराठीत ‘येत होता’ लिहा, ती तिथली रीत. पण घरी आईशी फोनवर बोलताना ‘येऊन राहिलो’ सोडू नका.

उलट ग्रीकचा लङ् समजायला तुमच्याकडे पुण्याच्या माणसापेक्षा एक शब्द जास्त आहे. ‘एफेरे’ची मराठी वाक्यागणिक बदलते. कधी ‘आणून राहिला होता’, कधी ‘आणायचा’, कधी जुन्या वळणाने ‘आणी’. (हे ‘आणी, जाई, करी’ मुळात संस्कृतातल्या वर्तमानकाळाच्या रूपांतून आलंय, पुढे त्याचा अर्थ सवयीचा भूतकाळ असा झाला.) ग्रीकला या सगळ्यांसाठी एकच रूप पुरतं.

त्याचा आणखी एक अर्थ असा, की क्रिया चालली होती पण तडीला गेली नव्हती. ‘एपेइथे’ म्हणजे ‘पटवून राहिला होता’. ‘एपेइसे’ म्हणजे ‘पटवलं’. मागच्या दिवाळीत आमच्या ओसरीवर एक व्यापारी बसला होता. शेजारच्या काकूंना भाव सांगत होता, ओलावा जास्त आहे म्हणत होता, मूठभर कापूस हातात घेऊन सरकी दाबून दाखवत होता. चहाचे दोन कप झाले. काकू सुपात तूर पाखडत बसल्या होत्या, त्यांनी मान वर केली नाही. तो तासभर ‘एपेइथे’ करत होता. ‘एपेइसे’ काही झालं नाही, कापूस घरातच राहिला. ग्रीक इतिहासकारांमध्ये राजदूत एकमेकांना समजावतात तिथे ही दोन रूपं ओळखता आली पाहिजेत, नाहीतर न झालेला तह आपण झाला म्हणून वाचतो.

प्रश्न: आम्ही विहारात महामंगलसुत्त म्हणतो. त्यात ‘गाथाय अज्झभासि’ येतं. हे ‘बोलला’ कसं होतं? आणि पालीचा ग्रीकशी काही संबंध आहे का? — एक उपासिका, पुलगावजवळून

ताई, तुम्ही रोज म्हणता त्या सुत्तात हा ‘अ’ जिवंत आहे. ‘अधि’ हा उपसर्ग, त्यापुढे भूतकाळाचा ‘अ’, मग ‘भास्’ धातू. अधि आणि अ मिळून ‘अज्झ’ झालं. पालीचा हा भूतकाळ लुङ्च्याच वंशातला. म्हणजे ‘अ’ उपसर्गाच्या आधी बसत नाही, उपसर्ग आणि धातू यांच्या मधे बसतो. संस्कृतातही ‘प्र’ आणि ‘अविशत्’ मिळून ‘प्राविशत्’. ग्रीकमध्ये अगदी हेच. ‘अपॉबल्लेइ’ म्हणजे ‘फेकून देतो’, त्याचं ‘अपेबल्ले’ होतं. ‘अपॉ’चा ‘ऑ’ गेला आणि ‘ए’ मधे शिरला. मेला म्हणायचा नेहमीचा शब्द ‘अपेथने’, त्यातही तेच.

आणि सुत्तांच्या शेवटी ‘इदमवोच भगवा’ येतं, ते तर ग्रीकचं जवळचं नातलग आहे. ‘अवोच’, संस्कृत ‘अवोचत्’, ग्रीक महाकवी होमरच्या भाषेत ‘एएइपे’. मधला ‘व’ ग्रीकने टाकला, आणि शेवटच्या ‘च’च्या जागी त्यांच्याकडे ‘प’ आला. पुढे त्याचंच ‘एइपे’ झालं, ‘तो म्हणाला’. विहारात ‘अवोच’ म्हणताना तुमच्या तोंडी जे रूप येतं, त्याच धातूचं रूप होमरचे वीर सभेत बोलून खाली बसले की येतं.

सुत्ताची सुरुवात ‘एवं मे सुतं’. यातलं ‘सुतं’ वेगळ्या घडणीचं आहे, ‘माझ्याकडून ऐकलं गेलं’. आपली मराठी या बाजूला गेली. ‘गत’पासून ‘गेला’, ‘कृत’पासून ‘केला’. म्हणून तर ‘मी भाकर खाल्ली’ म्हणताना क्रियापद भाकरीप्रमाणे चालतं. ‘अ’ मराठीने कधीच सोडून दिला.

प्रश्न: कीर्तनात गीतेतलं ‘मा शुचः’ सांगतो. हे लुङ् आहे असं वाचलं. मग ‘अ’ कुठे गेला? — एक कीर्तनकार, वरुड

महाराज, ‘न माङ्योगे’ असं पाणिनीचं सूत्रच आहे. निषेधाचा ‘मा’ आला की ‘अ’ लागत नाही. म्हणून ‘मा अशुचः’ न होता ‘मा शुचः’. रामायणातल्या ‘मा निषाद प्रतिष्ठां त्वमगमः’मध्ये ‘अगमः’ला ‘अ’ राहिलाय, आणि म्हणून टीकाकारांना तिथे खुलासा द्यावा लागतो.

वेदांत तर ‘मा’ नसतानाही हा ‘अ’ कधी असतो, कधी नसतो. होमरचंही तसंच. त्याच्या ‘इलियड’ या महाकाव्याच्या पहिल्या पाच ओळींतच पाहा. दुसऱ्या ओळीत ‘एथेके’, ‘घातली’, म्हणजे दुःखं. इथे ‘ए’ आहे. चौथ्या ओळीत ‘तेउखे’, ‘केलं’, म्हणजे वीरांच्या देहांना कुत्र्यांचं भक्ष्य. इथे ‘ए’ नाही. पाचव्या ओळीत ‘एतेलेइएतॉ’, पुन्हा ‘ए’. पुढच्या काळातल्या अथेन्सच्या गद्यात तो सक्तीचा झाला.

आज्ञार्थाला मात्र ‘ए’ कुठेच लागत नाही, कारण तिथे काळच नाही. ‘ग्रप्सॉन’ म्हणजे ‘लिहून टाक’, ‘ग्रफे’ म्हणजे ‘लिहीत राहा’. ‘स’ राहिला, ‘ए’ गेला. ‘ए’ काळ सांगतो, ‘स’ पाहण्याची तऱ्हा सांगतो, हे इथे स्वच्छ दिसतं.

प्रश्न: ग्रीक वाचणारं आपल्याकडे कुणी होतं का? — एक ग्रंथपाल, भंडारा जिल्हा

पंडिता रमाबाई. संस्कृत पंडिता म्हणून कलकत्त्याने गौरवलेल्या या बाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून बायबल थेट मूळ भाषांतून साध्या मराठीत आणलं, आणि 1922 मध्ये जाईपर्यंत केडगावला त्याच कामात होत्या. योहानाच्या शुभवर्तमानाचा आरंभ त्यांनी ग्रीकमध्ये वाचला असणारच. ‘एन आर्खे एन हॉ लॉगॉस’, ‘आरंभी शब्द होता’. यातला दुसरा ‘एन’ लङ्, आपल्या ‘आसीत्’च्या घरातला, ज्याला सुरुवात दाखवलेली नाही. पुढे चौदाव्या वचनात शब्द देही ‘झाला’, तिथे ‘एगेनेतॉ’, लुङ्. ‘होता’ आणि ‘झाला’ यांत ते सगळं प्रकरण उभं आहे.

प्रश्न: तुमचं पाहून मी ‘आईने कापूस आणला’ हे वाक्य ग्रीकमध्ये केलं. ‘फेर्’ला ‘ए’ आणि ‘स’ लावून ‘एफेर्से’ केलं. बरोबर आहे का? — एक विद्यार्थी, नववी, लाखांदूर

नियम तू बरोबर लावलास. पण या धातूला लुङ्च नाही. तिथे ग्रीक दुसराच धातू घेतात आणि ‘एनेंके’ म्हणतात, त्यातला पहिला ‘ए’ लांब. हे अवघड वाटू देऊ नकोस. तू ‘जातो’ म्हणतोस आणि भूतकाळात ‘जाला’ म्हणत नाहीस, ‘गेला’ म्हणतोस. ‘येतो’चं ‘आला’. दोन धातू एकमेकांच्या जागी उभे राहतात आणि तुला कधी खटकत नाही. पाहणंही असंच. ‘हॉरा’ म्हणजे ‘पाहतो’, पण ‘पाहिलं’ला ‘एइदे’, आणि हे ‘एइदे’ आपल्या ‘विद्’चं.

कापसाला वेगळा शब्द घ्यायची गरज नाही, हेरोडोटसप्रमाणे लोकर म्हण. ‘हे मेतेर ता एरिआ एनेंकेन.’ वाक्य संपताना ‘एनेंके’ला एक ‘न’ जोडायची पद्धत आहे.

आता एक सांगायचं राहिलं. आई त्या एका दिवशी घेऊन आली असेल तर ‘एनेंकेन’ बरोबर आहे. पण वेचणीच्या दिवसांत ती रोज संध्याकाळी डोक्यावर गाठोडं घेऊन येत असेल आणि तुला ते लिहायचं असेल, तर ‘एफेरेन’ लिहावं लागेल. तुझ्या पत्रावरून मला ते कळलं नाही. पोस्टकार्डावर कळव, म्हणजे पुढच्या अंकात तुझं वाक्य पुरं करू.